काळ्या यादीतला ड्रायव्हर

माझी नजर अधू होत चालली आहे हे प्रेसमध्ये कुणाला कळू द्यायचं नाही, असं आम्ही लातूरहून परत येताना बसमध्येच ठरवलं. आम्ही म्हणजे मी आणि माझा नवरा. लातूरच्या डॉक्टरांनी डोळ्याच्या पडद्याचे फोटो काढून समोर ठेवले होते. पडद्याचा अगदी मधला भाग झिजतोय, असं ते म्हणाले. कडेचं दिसत राहील, मधलं पुसट होत जाईल. चष्म्याचा उपयोग नाही. चालाल, फिराल, स्वयंपाक कराल, पण वाचणं अवघड होत जाईल.

माझं सगळं कामच वाचण्याचं. नांदेडला वजिराबादच्या मागच्या गल्लीत एक छोटा छापखाना आहे, तिथे मी एकोणीस वर्षं डीटीपी करत होते. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, शाळांच्या स्मरणिका, दुकानांची लेबलं आणि वर्षाला पाच-सहा पुस्तकं. मजकूर टाइप करायचा, पानं लावायची, प्रूफ वाचायचं, चुका काढायच्या. माझ्या प्रूफात चूक सापडत नाही असं मालक गिऱ्हाइकांना सांगायचे, आणि मी ते न ऐकल्यासारखं करायचे.

"दिसतंय तोवर कर," अहमदपूरच्या स्टँडवर बस थांबली तेव्हा हे म्हणाले. "कुणी विचारलं तर मान दुखते म्हण."

लपवणं जमलं, कारण रस्त्याने चालताना मला काहीच अडचण यायची नाही. रिक्षा चुकवायचे, पायऱ्या उतरायचे. फक्त ज्याच्याकडे थेट बघावं त्याच्या तोंडावर ओल्या शाईवरून बोट फिरवल्यासारखा डाग यायचा. मग मी माणसं आवाजावरून आणि चालीवरून ओळखायला लागले. टेबल फिरवून घेतलं, पाठ भिंतीला आली. खिडकीचा उजेड स्क्रीनवर पडतो असं कारण सांगितलं. आता माझा स्क्रीन माझ्याशिवाय कुणाला दिसत नव्हता.

आणि स्क्रीनवर मी काय करते ते दिसू नये, हेच तर हवं होतं. दोन वर्षांपूर्वी व्हायरसने प्रेसमधल्या सगळ्या फायली खाल्ल्या, तेव्हापासून मालकांनी कॉम्प्युटरवर लिनक्स बसवून घेतलं होतं. त्यात एक बटण दाबून माउसचं चाक फिरवलं की सगळा पडदा फुगत जातो, चारपट, सहापट, आठपट. माउस सरकेल तसं पान सरकतं. मी काळ्यावर पांढरी अक्षरं करून घेतली होती. आठपट मोठं केलेलं एक अक्षर मी डोळ्याच्या कडेने, कोंबडी बघते तसं मान तिरकी करून वाचायचे. आठ महिने असं काम केलं.

ते फुगवणं सुरळीत चालायचं कॉम्प्युटरातल्या ग्राफिक्स कार्डामुळे. कार्ड जुनं होतं, मालकांनी बंद पडलेल्या एका गेमच्या दुकानातून आणलेलं. कार्डाचं सिस्टिमला आणि सिस्टिमचं कार्डाला समजावून सांगणारा जो प्रोग्रॅम असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. तो बिघडला तर चित्र दिसतं, पण कसंबसं. हे सगळं मला त्या दिवसाआधी माहीत नव्हतं.

थंडी नुकती पडायला लागली होती. लातूरच्या एका निवृत्त मुख्याध्यापिकेचं पुस्तक तयार होत होतं, मुलांसाठी विज्ञानाचे साधे प्रयोग. एकशे साठ पानं, पानापानावर आकृत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी छपाईच्या प्लेटा करायच्या होत्या. त्याआधी मॅडमना सगळी पानं स्क्रीनवर शेवटची बघायची होती. मालक पहाटेच दुसऱ्या कामासाठी लातूरला गेले होते आणि येताना मॅडमना गाडीत घेऊन येणार होते.

आदल्या संध्याकाळी निघताना स्क्रीनवर अपडेटची पाटी आली होती. मी नेहमीसारखं हो म्हणून बंद करून गेले. सकाळी साडेदहाला चालू केलं तर चित्र फुगीर, कडा दातेरी. चाक फिरवलं. पडदा हलला, अडकला, दोन सेकंदांनी धक्का खाऊन भलत्याच कोपऱ्यात गेला. परत फिरवलं, परत तसंच. आकृतीखालची ओळ शोधायला गेले आणि पानाचा क्रमांक हाताला लागला.

ज्या इंजिनिअरांनी लिनक्स बसवून दिलं होतं ते आता हैदराबादला असतात. त्यांना फोन केला.

"ते कार्ड फार जुनं आहे हो ताई," ते म्हणाले. "कंपनीने नव्या सिस्टिमसाठी त्याचा ड्रायव्हर देणं बंद केलंय. काल अपडेट केलंत ना, तिथेच गडबड झाली. कंपनीचा ड्रायव्हर काढून टाका आणि ओपन सोर्स टाका."

"तो कोणाचा असतो?"

"कोणाचाच नाही. लोकांनी बनवलाय. कंपनीने कार्डाची माहिती दिली नाही, तरी लोकांनी चाचपून चाचपून शोधून काढलं की ते कसं चालतं. तुमच्या कामाला भरपूर होतो. मी पायऱ्या लिहून पाठवतो, मला आता मीटिंग आहे. आणि हो, रीस्टार्ट केल्यावर नुसता काळा पडदा आणि बारीक अक्षरं दिसली तर घाबरू नका, तिथूनही कमांड देता येते."

"तिथे अक्षर मोठं करता येतं का?"

"येतं, पण त्याची वेगळी खटपट आहे. का?"

"सहज विचारलं," मी म्हणाले.

पहिली पायरी केली. फोनवर आलेला मजकूर बोटांनी ताणून मोठा करायचा, एक शब्द पाठ करायचा, टाइप करायचा, परत फोन. बोटांना कीबोर्ड पाठ आहे, तिथे डोळे लागत नाहीत. कंपनीचा ड्रायव्हर निघाला. मी रीस्टार्ट केलं.

काळा पडदा आला. वरच्या डाव्या कोपऱ्यात करड्या मुंग्यांसारखं काहीतरी. ती अक्षरं होती, पण मला मुंग्याच दिसत होत्या. मी नाक काचेला टेकवलं. मान डावीकडे, उजवीकडे. काही नाही. फोनने फोटो काढला आणि ताणला. फोटोत आडवे पट्टे आले. तिसऱ्या फोटोत एक शब्द लागला. त्या एका शब्दाला पाच-सात मिनिटं गेली असतील.

फोन वाजला. मालक.

"ताई, मॅडमना घेऊन निघालो. चारपर्यंत पोचतो. सगळं तयार आहे ना?"

"हो काका."

"आवाज असा का येतोय?"

"मान दुखतेय थोडी."

घड्याळ बघायला फोन कानापासून काढला. पाऊण वाजला होता.

आमच्या प्रेसमध्ये त्या वेळी तिसरं कोणी नव्हतं, दुसरे फक्त मामू. ऑफसेट मशीन चालवणारे, साठीला आलेले. सगळी गल्ली त्यांना मामू म्हणते. लहानपणी ते खिळे जुळवायला लागले होते, शिशाचं एकेक उलटं अक्षर चिमटीत धरून ओळ करायचं काम. मी आले तेव्हा खिळे कधीच गेले होते, पण मामूंची नजर तशीच राहिली होती. ते पुढच्या खोलीत पावतीपुस्तकं छापत होते. मशीनचा ठेका मला ऐकू येत होता. मी दहा मिनिटं तशीच बसून राहिले. त्यांना बोलावलं तर सांगावं लागेल. नाही बोलावलं तर चार वाजता मालक आणि मॅडम या काळ्या पडद्यासमोर येऊन उभे राहतील.

"मामू, जरा इकडं येता?"

मशीन थांबलं. ते फडक्याला हात पुसत आले.

"काय झालं ताई?"

"स्क्रीनवर काय लिहिलंय ते वाचून सांगा मला."

"मला इंग्लिश कुठं येतंय?"

"अक्षरं ओळखता ना? एकेक अक्षर सांगा. मान लई दुखून राहिली माझी, वाकता येत नाही."

त्यांनी स्टूल ओढलं, चष्मा लावला. मला वाटलं आता वाचतील. ते वाचेनात.

"ताई, मानेचं राहू द्या," ते हळूच म्हणाले. "मला म्हाईत हाय."

"काय माहीत आहे?"

"तुमच्या नजरेचं."

मी हातातला फोन टेबलावर पालथा ठेवला.

"गणपतीपासून म्हाईत हाय. वर्गणीच्या पावत्या छापल्या का न्हाई आपण, त्यात अध्यक्षाच्या नावात घ चा ध झालता. म्या म्हणलो, ह्या बाईच्या हातनं घ चा ध? इतक्या सालात कधी झालं न्हाई. मग म्या मशीनवर चढवायच्या आधी समदं वाचाया लागलो."

मला एकदम आठवलं. मधल्या काळात चार-पाच वेळा मामू कागद घेऊन आले होते. मालकांनी बदल सांगितलाय, इथं असं करा. मी मनात म्हणायचे, काकांचा स्वभाव किचकट होत चालला. तो बदल मालकांनी सांगितलेला नव्हता. ती माझी चूक होती.

"किती निघाल्या?"

"असतील धा-बारा."

"मला सांगितलं का नाही तुम्ही?"

"तुमी सांगितलं का?"

आधी लाज वाटली, कानाच्या पाळ्या तापल्या. मग राग आला. त्यांचाच राग आला. माझ्या पाठीमागे बसून त्यांनी मला तीन महिने दुरुस्त केलं होतं, आणि मी आपली ऐटीत, माझ्या प्रूफात चूक सापडत नाही. तो राग कुठे काढावा कळेना म्हणून मी कीबोर्ड पुढे ओढला.

"वाचा," मी म्हणाले.

"एल, ओ, जी, आय, एन. मग दोन टिंबं, येकावर येक."

तो नाव विचारत होता. मी नाव टाइप केलं. मग पासवर्ड.

"ताई, काहीच उमटंना."

"पासवर्ड उमटत नाही. तसंच असतं ते."

"मग बरोबर पडला का न्हाई, कळावं कसं?"

"चुकला तर सांगेल तो."

तो म्हणाला चुकला. मामूंनी एकेक अक्षर लावून ते इनकरेक्ट मला ऐकवलं. घाईत कुठलं तरी बटण दोनदा दाबलं गेलं असणार. पदराला हात पुसून परत टाइप केला. या वेळी आत घेतलं.

दुसरी पायरी, नवा ड्रायव्हर उतरवून घ्यायचा. फोनवरून शब्द घ्यायचा, टाइप करायचा, मामूंनी टाइप झालेलं परत वाचायचं, मग एंटर. एकदा मी एक अक्षर गाळलं होतं, ते त्यांनी पकडलं. एंटर मारल्यावर ते एकदम मागे सरले.

"लई ओळी पळाया लागल्या. वाचता येईना."

"पळू द्या. थांबल्यावर शेवटची सांगा."

"थांबल्या. कंसात वाय, तिरपी रेघ, एन."

"हो की नाही विचारतोय," मी म्हणाले आणि वाय दाबलं. परत ओळी पळाल्या. इंटरनेटची तार कॉम्प्युटरला लावलेली होती, म्हणून हे जमत होतं. अडीच-तीन मिनिटांनी मामू म्हणाले, सगळं थांबलं, खाली नुसती काडी उघडझाप करतीय. म्हणजे कर्सर परत आला होता, काम संपलं होतं.

मी रीस्टार्ट केलं. काळं झालं, एक पांढरा झोत आला, परत काळं. कोपऱ्यात त्याच मुंग्या.

"तेच हाय ताई. लॉगिन."

मालकांचा फोन आला. "अहमदपूर सोडलं. चाकूरला चहाला थांबलो म्हणून उशीर झाला, पण येऊ चारला. मॅडम विचारतायत, आकृत्या ठळक आल्यात ना?"

"आल्यात."

फोन ठेवला आणि हैदराबादला लावला. उचलला नाही. परत लावला. परत नाही. मग मी मेसेज बोलून पाठवला, नवा टाकला तरी काळाच पडदा येतोय. उत्तराची वाट बघताना मामूंनी पाण्याचा तांब्या आणून ठेवला. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तरी त्यांचा चेहरा मला दिसणार नव्हता.

पंधरा-वीस मिनिटांनी उत्तर आलं. मीटिंगमधूनच लिहिलं असावं, तुटक होतं. मी ते ताणून ताणून मोठ्याने वाचलं. कंपनीचा ड्रायव्हर बसताना ओपन सोर्स ड्रायव्हरचं नाव काळ्या यादीत टाकतो, म्हणजे दोघांची मारामारी होऊ नये. काढल्यावर कधीकधी ती यादीची फाइल मागे राहते. ती बाजूला काढा. अमुक फोल्डरमध्ये बघा. दुसरी कुठली फाइल हलवू नका, सिस्टिम उठणार नाही.

"म्हंजे," मामू म्हणाले, "सोता गेला, आन जाताजाता दुसऱ्याला कामावर घेऊ नका म्हणून सांगून गेला?"

"तसंच."

"अशी माणसं बी असत्यात."

मी हसले नाही. त्या फोल्डरमध्ये आठ-नऊ फायली निघाल्या. मामूंनी प्रत्येक नाव अक्षर अक्षर करून वाचलं आणि मी एका कागदावर स्केचपेनने मोठ्या अक्षरात उतरवून घेतलं. त्यातल्या चारांच्या नावात ब्लॅकलिस्ट हा शब्द होता. चारही वेगवेगळ्या गोष्टींच्या काळ्या याद्या. आपली कुठली? एकेक उघडून आत काय लिहिलंय ते त्यांच्याकडून वाचून घेतलं. तिसऱ्या फाइलीत आमच्या ड्रायव्हरचं नाव निघालं. खात्रीसाठी मी ते दोनदा वाचायला लावलं. मी तिसऱ्यांदा वाचा म्हणाले तेव्हा ते चिडले.

"ताई, म्या उलटे खिळे वाचलेत वीस साल. हे तर सुलटं हाय."

ती फाइल दुसरीकडे हलवायची कमांड दिली. एंटर.

"काय म्हणतो?"

"एन ओ. एस यू सी एच. एफ आय एल ई..."

अशी फाइल नाही, म्हणत होता. मी कागदावरचं नाव बोटाने तपासलं. अक्षरं बरोबर होती. परत टाइप केलं, परत तेच. मग मला सुचलं.

"मामू, त्या नावात मधे ज्या आडव्या रेघा आहेत, त्या कुठं आहेत? मध्यावर का बुडाला?"

ते वाकले. "पहिली मध्यावर. दुसरी बुडाला हाय."

मी दोन्ही मध्यावरच्या टाकल्या होत्या. दुसरी बदलली. या वेळी तो काहीच बोलला नाही. लिनक्स काही बोललं नाही म्हणजे काम झालं, हे मला एव्हाना कळलं होतं.

शेवटची एक कमांड राहिली होती, सिस्टिमला नव्याने सगळी जुळवाजुळव करायला सांगणारी. ती दिली आणि पडदा गप्प झाला. एक मिनिट, दोन मिनिटं. मामू दर थोड्या वेळाने सांगत होते, न्हाई, अजून न्हाई. तेवढ्यात फोन वाजला. मालकांचाच असणार, एव्हाना त्यांनी लोहा मागे टाकलं असेल. मी फोन तसाच वाजू दिला.

"आली काडी," मामू म्हणाले.

रीस्टार्ट. काळं झालं, आणि मग काळं फाटून निळं आलं, पूर्ण, कडेपासून कडेपर्यंत. कडा धारदार. मी बटण दाबून चाक फिरवलं. पडदा लोण्यासारखा फुगत आला, माझ्या नावाचं पहिलं अक्षर तळहाताएवढं झालं आणि थांबलं. मी ते वाचलं. माझ्या तोंडातून कसलासा आवाज निघाला.

सव्वातीन वाजले होते. मामू स्टूल उचलून उभे राहिले.

"मालकांना सांगणार तुम्ही?" मी विचारलं.

"म्या न्हाई. तुमी सांगा."

"मी नाही सांगणार."

ते पुढच्या खोलीत गेले आणि मशीन सुरू झालं.

चार वाजून गेल्यावर गाडी आली. मॅडम सत्तरीच्या पुढच्या, आवाज वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत जाईल असा. त्या थेट माझ्या शेजारी खुर्ची घेऊन बसल्या. मालक समोर दाराशी उभे. मी भिंतीला पाठ लावून बसते खरी, पण शेजारी बसलेल्या माणसापासून स्क्रीन कसा लपवणार? पहिलं पान लावलं, लहान केलं, त्यांनी बघितलं, मी मोठं करून तपासलं, परत लहान केलं. असं सात-आठ पानं चाललं. मग त्यांनी कपाळाला हात लावला.

"अहो, हे सारखं मोठं-लहान करू नका. मला गरगरायला होतंय. एक पान पूर्ण ठेवा आणि मी विचारीन ते सांगा."

मी पान पूर्ण ठेवलं. माझ्यापुढे एक करडा चौकोन होता.

"ही आकृती आठ आहे की नऊ?" त्यांनी बोट ठेवलं. "मजकुरात नऊ म्हटलंय. खाली काय लिहिलंय?"

मला आठवत होतं की ती नऊ असावी. नऊ म्हणून मोकळी झाले असते. पण मॅडम बोट ठेवून थांबल्या होत्या, आणि ते बोट कशावर आहे ते मला दिसत नव्हतं. पुढच्या खोलीतलं मशीन कधी थांबलं ते मला कळलं नव्हतं.

"मॅडम, मोठं केल्याशिवाय मला वाचता येत नाही," मी म्हणाले.

"म्हणजे?"

"डोळ्यांचा आजार आहे. मधलं दिसत नाही मला."

दाराशी मालकांची चप्पल वाजली. "कधीपासून?"

"आठ महिने झाले, काका."

ते कपाटाकडे गेले. मग कपाट उघडल्याचा आवाज आला. छापलेल्या प्रत्येक कामाचा एक नमुना आम्ही तिथे ठेवतो. ते एकेक काढून टेबलावर टाकत गेले.

"स्मरणिका. पत्रिका. अहवाल." मग थांबले. "ताई, आपण औषधाच्या बाटल्यांची लेबलं छापली. दिवाळीच्या आधी. त्यावर किती थेंब घ्यायचे ते लिहिलेलं होतं. ते तुम्ही असंच वाचलं?"

आठ महिन्यांत हे एकदाही माझ्या मनात आलं नव्हतं. मी माझ्या नोकरीचा विचार केला होता, माझ्या नावाचा केला होता. कुणीतरी ती बाटली उघडून लेबल वाचणार आहे, हे आलंच नव्हतं.

"ते म्या वाचलंय मालक," मामू दारातून म्हणाले. "गिऱ्हाइकाच्या कच्च्या कागदासंगं ताडून. तीनदा."

मालक त्यांच्याकडे वळले. "म्हणजे तुलाही माहीत होतं?"

"व्हय."

"आणि मी कोण आहे या प्रेसमध्ये? दोघांनी मिळून मला आंधळं केलंत?" इतक्या वर्षांत त्यांचा आवाज मी चढलेला ऐकला नव्हता. "बाहेर बोर्डावर नाव माझं आहे."

मॅडमनी टेबलावर बोटं आपटली.

"तुमचं भांडण नंतर करा. आधी माझं पुस्तक. मी मोठ्याने वाचते, हे मशीनवाले शेजारी बसून माझ्या कच्च्या कागदावर बघतील, आणि या बाई दुरुस्त्या करतील. करता येतील ना?"

"येतील," मी म्हणाले.

एकशे साठ पानं त्यांनी वाचली. मधे एकदा चहा झाला. अकरा चुका निघाल्या, त्यातल्या सात त्यांच्याच हस्तलिखितातल्या होत्या, हे त्यांनी स्वतः मोजून सांगितलं. ऐकता ऐकता दोन वाक्यं मला खटकली, तीही बदलली. ती आकृती आठ होती. मालक सगळा वेळ बाहेरच्या बाकावर बसून होते.

घरी आल्यावर यांना सांगितलं. हे ताटावरून उठले.

"मला विचारायचं तरी होतंस."

"तिथे वेळ नव्हता."

"आता काढून टाकतील ते."

त्यांनी काढलं नाही. पण पंधरा दिवस मालक माझ्याशी कामापलीकडे एक शब्द बोलले नाहीत, आणि मामूंशी तेवढाही नाही. मग एका सकाळी त्यांनी आम्हाला दोघांना बसवलं. म्हणाले, यापुढे प्रत्येक प्रूफावर दोन सह्या, एक ताईंची आणि एक वाचणाऱ्याची. औषधाचं आणि मात्रेचं काम ताईंकडे अजिबात द्यायचं नाही. ते मला लागलं. बरोबर होतं, तरी लागलं. मी मान हलवली. मामूंनी विचारलं, वाचणारा कोण? मालक म्हणाले, आतापर्यंत कोण वाचत होतं?

मामूंशी माझं नीट व्हायला त्याहून जास्त दिवस लागले. मी त्यांना कधी धन्यवाद म्हणाले नाही, त्यांनीही कधी तसं दाखवलं नाही. एका दुपारी त्यांनी प्रूफ समोर ठेवलं आणि म्हणाले, ह्यात चूक न्हाई. मी म्हणाले, परत बघा. त्यांनी परत बघितलं.

तो ड्रायव्हर अजून तसाच चालतोय, एकदाही अडला नाही. ज्यांनी तो लिहिला त्यांतल्या कुणाचं नाव मला माहीत नाही. माझी नजर मात्र थोडी अजून उतरली. आठपटीचं काम आता बारापटीला होतं, आणि एका स्क्रीनमध्ये दोनच शब्द मावतात. म्हणून गेल्या महिन्यापासून मजकूर वाचून दाखवणारा कॉम्प्युटरचा मराठी आवाज वापरायला शिकतेय. तो क्ष आणि ज्ञ विचित्र म्हणतो, पूर्णविरामावर थांबत नाही, आणि लग्नपत्रिकेतली नावं ऐकून मामूंना हसू आवरत नाही. मला त्याचा अजून वैताग येतो. रोज अर्धा तास, कानात इअरफोनची एकच बोंडी घालून, मी ते शिकून राहिले.